तिरकी मीठदाणी

"टोस्ट म्हणे. याच्यापेक्षा पायताण मऊ असेल," मावशी काकांच्या कानाशी पुटपुटली.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीसोबत घडलेली आहे. तीही रात्री-अपरात्री नाही... सकाळी अकराच्या लख्ख उन्हात, भरल्या हॉटेलात. तेव्हापासून मी कुठल्याही हॉटेलात बसले, की आधी मीठदाणी लांब सरकवते.

परकं शहर. लाल रेक्झिनच्या बाकांचं जुनं हॉटेल. दोघं रात्रभर बसने आलेली.

त्यांचा टिल्लू उन्हाळ्यात घरातून निघाला, तो परतलाच नाही. सहा फुटी झाला तरी नाव टिल्लूच. आणि आता इथल्या दवाखान्यातून फोन आला होता. एक बेवारस मुलगा आहे, ओळख पटवायला या.

शवागार दुपारी उघडणार होतं.

"तो नसणारच," मावशी म्हणाली. "नुसतं बघायचं आणि निघायचं."

काकांनी कप दोन्ही हातांत धरला.

"ताई, आत सरका ना," वाढणारी बाई म्हणाली.

"नको. भिंतीकडे आमचा मुलगा बसतो."

सवयीने बोलून गेली बिचारी. ती बाई तिसरा कप ठेवून गेली. 'उचला' म्हणायला दोघांचीही जीभ रेटेना.

तेवढ्यात...

मावशीच्या शेजारचं रेक्झिन कुरकुरलं.

बाक दबलं. कुणी अंग टाकून बसावं, तसं.

मावशीने मान वळवली नाही. मांडीवरची पर्स घट्ट धरली.

हॉटेलातला कालवा चालूच होता. पण त्यांच्या टेबलाशी... काही ऐकूच येईना.

मग बारीक आवाज आला.

खस... खस...

तिसऱ्या कपापाशी मिठाची ढिगली पडली होती. आणि तिच्यात मीठदाणी... तिरकी उभी.

हा टिल्लूचा खेळ. कुठल्याही हॉटेलात गेला, की मिठात मीठदाणी तिरकी रोवायचा. मग काका हळूच फुंकर मारायचे. मीठ उडायचं, मीठदाणी मात्र तशीच, जणू अधांतरी. बापलेक खिदळायचे आणि मावशी म्हणायची, "घोडे झालात दोघं, घोडे."

काकांचे दोन्ही हात कपाला होते. मावशीचे पर्सवर.

काका वाकले.

"अहो, नका," मावशीने त्यांची बाही पकडली. "राहू द्या तशीच. आपण घरी जाऊ. आत्ताच्या आत्ता. मी टोस्टबद्दलसुद्धा काही बोलणार नाही... पण फुंकू नका."

"वाट बघतोय गं तो."

काकांनी फुंकर मारली.

मीठ उडालं. मीठदाणी हलली नाही.

शेजारचं बाक हळूहळू वर आलं.

काकांनी मावशीची बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली, हातात घेतली.

"ऊठ," ते म्हणाले. "तो आपलाच आहे."