सातव्या खुर्चीची शेवटची पानं

'खुनी या खोलीतच आहे,' खाजगी गुप्तहेर भार्गव सरनोबत शांतपणे म्हणाले. त्यांनी दाराला आतून कडी घातली, ओव्हरकोटाची कॉलर सारखी केली आणि जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या मंडळींवरून नजर फिरवली. 'त्याचं नाव आहे—'

सिंधूनं पान उलटलं.

पुढं केस लांबसडक करणाऱ्या तेलाची जाहिरात होती.

तिनं पान मागं उलटलं, पुन्हा पुढं उलटलं. तेल तिथंच होतं. सरनोबतांनी ज्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं, तो खुनी मात्र पुस्तकातून निघून गेला होता. शिवणीपाशी बोट फिरवल्यावर कापलेल्या कागदाची कड हाताला लागली. फाडलेली नव्हे, कात्रीनं सरळ कापलेली.

कपाशीच्या ढिगावर पालथी पडलेली सिंधू ताडकन उठून बसली. केसांत, फ्रॉकवर, सगळीकडं कापूस.

"चुनीभाऊ," ती खाली ओरडली, "पुस्तकाचा खून झालाय."

तिचा थोरला भाऊ चुनीलाल बैलांना पाणी दाखवत होता. "कोणी केला?" त्यानं विचारलं.

"तेच तर कापून नेलंय."

तळोद्याच्या वाचनालयात दर महिन्याला मुंबईहून एक पुडकं एसटीनं येई. त्यात 'सरनोबत मालिके'चं नवं पुस्तक असे. गावातल्या कोणत्याही मोठ्या माणसाला विचारलं तर ही मालिका वाचणारा तळोद्यात एकही जण नव्हता. मात्र पुस्तक येताच ते हातोहात जाई आणि महिनाभरात मांडे खाऊन उरलेल्या केळीच्या पानासारखं होऊन परत येई. उघडपणे मालिका वाचणारी एकटी सिंधू होती. वाचनालयाची ती एकुलती एक मुलगी-सभासद. "पोरीले कशाले पुस्तकं?" असं तिचे वडील, आबा, वर्षभर म्हणत होते. शेवटी तिनं सातवीत पहिला नंबर काढला, तेव्हा ते हो म्हणाले. तेही 'काही तक्रार आली तर बंद' या अटीवर.

ती तडक वाचनालयात गेली. तिथं समितीचे अध्यक्ष असलेले शाळेचे हेडमास्तर वर्तमानपत्र वाचत होते. चिटणीस भीकमचंद शेठ गादीवर बसले होते. शेठचं कापडाचं दुकान समोरच होतं. दुकान आणि वाचनालय ते एकाच जागेवरून सांभाळत.

सिंधूनं पुस्तक पुढं केलं. "शेवटची पानं नाहीत यात."

हेडमास्तरांनी पुस्तक दोन बोटांत धरून पाहिलं, जणू ते ओलं होतं. "सातव्या खुर्चीतला मुडदा," त्यांनी नाव वाचलं. "पानं कुठं गेली?"

"मला काय ठाऊक? मी घेतलं तेव्हाच नव्हती."

"मग आधीच्या वाचकांनी तक्रार का नाही केली?"

सिंधूनं पुन्हा शिवणीपाशी कापलेली कड दाखवली.

"सरळ आहे," हेडमास्तर म्हणाले. "खून, दरोडे वाचून मुलांची बुद्धी अशीच कात्रीसारखी चालायला लागते. भाऊबीज झाली की समितीची बैठक घेऊ. ही मालिका बंद. आणि पानं कापणाऱ्याचं सभासदत्व रद्द. काय शेठजी?"

एरवी शेठ प्रत्येक गोष्टीवर दोनदा बोलत. आज ते गादीवरची सुरकुती सारखी करत राहिले.

सिंधू बाहेर आली. आबांच्या कानावर तक्रार जाणार होती, आणि तीही तिनं न केलेल्या गोष्टीची.

संध्याकाळी कपाशीच्या ढिगावर तिघांची बैठक बसली. तिसरा म्हणजे शेजारचा दगा. दगाला गुप्तहेर व्हायचं होतं आणि त्यासाठी त्यानं काकांचा पोलिसातला जुना गरम कोट पैदा केला होता. सरनोबत मुंबईच्या धुक्यात ओव्हरकोट घालत. दगा तळोद्याच्या उन्हात घालत होता आणि वितळत होता.

"खुनी आचारी शे," तो म्हणाला.

"आपण पानं शोधतोय, दगा. खुनी नाही."

"तरी आचारीच शे. सुरी कोणा हातमा ऱ्हास? आचारीना हातमा."

"इतकं सोपं असतं तर सरनोबतांना दीडशे पानं लागली असती का?" चुनीलालनं त्याला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी पहिला संशयित गाठला. नथ्थू. हा वाचनालयाचा शिपाई. दगानं भिंग डोळ्याला लावून त्याच्या नखांची तपासणी केली.

"नथ्थूकाका, पानं तुम्ही विकली का? शेंगदाण्यांच्या पुड्यांसाठी?"

"चार पानेसनी पुडी कितली व्हई?" नथ्थू म्हणाला. "आनि पुडीच बांधनी ती पेपरनी रद्दी शे ना ढीगभर. ह्या कोटमा तू मरी जाशी रे भाऊ. काढ तो."

नथ्थू सुटला. पण जाता जाता त्यानं कपाट उघडून दिलं. सिंधूनं मालिकेची सगळी पुस्तकं खाली काढली आणि एकेकाचं शेवटचं पान पाहिलं. उन्हाळ्यातली पुस्तकं धडधाकट होती. आषाढापासून आलेली चारही पुस्तकं शेवटाविना होती.

चार महिने अख्खं गाव बिनशेवटाची पुस्तकं वाचत होतं आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"असं कसं?" चुनीलाल म्हणाला.

"कारण तक्रार करायची तर आधी वाचलं म्हणून सांगावं लागतं," सिंधू हळूच म्हणाली.

तेवढ्यात भीकमचंद शेठ आत आले. पसरलेली पुस्तकं पाहून ते दारातच थबकले.

"शेठजी," दगा भिंगातून त्यांच्याकडं पाहत म्हणाला, "सातव्या खुर्चीतला खून ना, मन्हं म्हननं शे का—"

शेठनी दोन्ही कानांत बोटं घातली, पाठ फिरवली आणि ते झपाझप दुकानात गेले. जोडे वाचनालयातच राहिले.

"येले काय व्हयनं?" दगा चकित झाला.

सिंधू त्या जोड्यांकडं बघत राहिली. सरनोबत म्हणत, माणूस ज्या गोष्टीपासून पळतो तिच्याकडं आधी पाहावं. शेठ कशापासून पळाले? खुन्याच्या नावापासून. पण कशासाठी?

उत्तर भाऊबिजेच्या दिवशी ताटात आलं. आईनं फराळाचं ताट शेठच्या घरी धाडलं होतं. शेठच्या पत्नी भूरीबाईंनी ते घेतलं, आणि सिंधूनं सोबत आणलेली हिरवीगार मेथीची जुडी तेवढी परत केली.

"बेटा, चौमासा आहे ना. हिरवी भाजी सोडली मी. कार्तिकी पुनवेपर्यंत."

"शेठजींनी पण?"

भूरीबाई हसल्या. "त्यांचं काही विचारू नको. आषाढात प्रवचनात मुनी महाराजसाहेब बोलले, जी वस्तू जिवाला सगळ्यात प्यारी ती चार महिने सोडा. यांनी हात जोडून नेम घेतला. काय सोडलं, आजपर्यंत सांगत नाहीत. मिठाई खातात, झोपा काढतात, भांडतातही. मग सोडलं काय?"

सिंधूच्या हातातली मेथी खाली पडली. आषाढापासून. सगळ्यात प्यारी वस्तू. आणि प्रत्येक नवं पुस्तक मुंबईहून आल्यावर सगळ्यात आधी कोणाच्या हातात पडत होतं?

"छे," तिनं सांगितल्यावर चुनीलाल म्हणाला. "भीकमचंद शेठ? कोणाचा विश्वास बसेल?"

"कोणाचाच नाही. म्हणून मी सांगणार नाहीये. त्यांनाच सांगायला लावणार."

बैठकीला वाचनालय गच्च भरलं होतं. हेडमास्तर मधोमध. बाजूला पोस्टमास्तर, दवाखान्याचे डॉक्टर, भीकमचंद शेठ. मागं भिंतीला टेकून आबा उभे होते. त्यांनी सिंधूकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

हेडमास्तरांनी वाङ्मय आणि संस्कार यांवर बरंच सांगितलं. मग ते म्हणाले, "सिंधू, तुला काही सांगायचं असेल तर सांग. मग आपण तुझं नाव कमी करू."

सिंधू उठली. "पानं मी कापली नाहीत. पण शेवट मला कळलाय. सातव्या खुर्चीतला खून कोणी केला, ते मी सांगते."

पोस्टमास्तरांनी खुर्ची पुढं ओढली. डॉक्टरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, जणू कानांना त्याची मदत होणार होती. हेडमास्तर टेबलावरून इतके वाकले की दौत कलंडली.

"डॉक्टर ना?" ते कुजबुजले. "मला पहिल्यापासून त्या डॉक्टरचा संशय होता."

"आमच्या धंद्याला का बदनाम करता?" दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले. "विधवा आहे ती. हातमोजे आठवा."

"डॉक्टर कसा राही?" मागून एक जाड आवाज आला. "दिवा गया तवय तो जिन्यावर व्हता. पुतण्या शे तो."

सिंधूनं वळून पाहिलं. आबा बोलत होते. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते छताकडं पाहू लागले.

ती क्षणभर बैठकच विसरली. रोज सकाळी पुस्तकातली खूण दुसऱ्याच पानात का सापडायची, ते तिला आत्ता उमगलं.

चुनीलालनं तिला कोपर मारलं. ती भानावर आली. "तर खुनी आहे—"

"नको!"

भीकमचंद शेठ उभे होते. दोन्ही कानांत बोटं घातलेली. सगळं गाव पुढं वाकलेलं आणि तेवढे एकटे दाराकडं मागं मागं सरकत होते.

"बेटा, हात जोडतो," ते म्हणाले. पण बोटं कानांत असल्यामुळं हात जोडता येईनात. "पुनवेपर्यंत थांब. माझा नेम मोडेल."

"पानं कुठं आहेत शेठजी?" सिंधूनं हातांच्या खुणांनी विचारलं.

"तिजोरीत. लाल फडक्यात. एकही वाचलं नाही, शपथ."

मग पाण्याचा पेला पुढं करून डॉक्टरांनी शेठना खाली बसवलं, आणि सगळं बाहेर आलं. महाराजसाहेबांनी लाडकी वस्तू सोडायला सांगितली. शेठना सरनोबतांपेक्षा लाडकं काही नव्हतं. सबंध पुस्तक सोडायचा धीर झाला नाही, म्हणून त्यांनी शेवट सोडला. पण शेवट हाताशी असताना न वाचणं जमेना, तेव्हा दुकानातल्या कात्रीनं तो कापून कुलपात ठेवला. पुनवेनंतर खळ लावून चिकटवणारच होते.

"पण गावानं का म्हणून बिनशेवटाचं वाचायचं?" हेडमास्तर भडकले.

"गावानं वाचलं असतं तर गाव बोललं असतं. माझ्या कानावर आलंच असतं." शेठनी मान खाली घातली. "आणि मला वाटलं, कोणी वाचतच नाही. सगळे तसंच सांगतात ना."

यावर समितीतला प्रत्येक जण आपापल्या पायांकडं पाहू लागला. नेम शेठनी एकट्यानं घेतला होता. तो पाळत अख्खं तळोदं होतं.

"या पोरीवर आळ आला तेव्हा तरी बोलायचं," आबा म्हणाले. ते पुढं येऊन सिंधूशेजारी उभे राहिले होते.

"चुकलो," शेठ म्हणाले. "लाज वाटली. माफ कर बेटा."

हेडमास्तर खाकरले. मालिका चालू राहील, असं त्यांनी जाहीर केलं, "अर्थात, विद्यार्थ्यांच्या तर्कशक्तीसाठी." सिंधूच्या तर्कशक्तीचं कौतुक करताना त्यांनी एवढे शब्द वापरले की शाळेत वर्षभरात तितके वापरले नव्हते. शिवाय इथून पुढं पुडकं आलं की पहिलं पुस्तक तिच्या हातात, असं ठरलं. ठराव आबांनी मांडला.

बाहेर पडताना पोस्टमास्तरांनी तिला गाठलं. "आता सांग. कोण?"

"मला कुठं ठाऊक आहे?" सिंधू म्हणाली.

पोस्टमास्तर तसेच उभे राहिले.

"खोटं बोललीस," चुनीलाल वाटेत म्हणाला.

"शेवटच्या प्रकरणात सरनोबतही बोलतात."

कार्तिकी पुनवेला भूरीबाईंनी मेथीची भाजी केली आणि शेठनी तिजोरी उघडली. ओट्यावर सगळे जमले. शेठनी गाठ सोडून पानं सिंधूच्या हाती दिली. तिनं पुस्तकात उरलेल्या शेवटच्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'त्याचं नाव आहे,' सरनोबत म्हणाले आणि त्यांनी बोट रोखलं—" ती थांबली. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग आबांकडं, हेडमास्तरांकडं आणि शेवटी कोपऱ्यात कोट घालून घामाघूम बसलेल्या दगाकडं पाहिलं. "आचाऱ्याकडं."

हेडमास्तरांचा आ तसाच राहिला. शेठनी त्या दिवशी दगा बोलत असताना आपण कानांत बोटं घातली होती ते आठवून आभाळाकडं पाहत हात जोडले.

दगानं कोटाची कॉलर सारखी केली.

"मी कवयना सांगी ऱ्हायनू," तो म्हणाला.