अडवलेलं पान

२००६ सालचा जुलै. हुमनाबादच्या बसस्टँडसमोर बसलिंगप्पांचं नेट सेंटर होतं आणि ते सांभाळायची त्यांची भाची, नेत्रावती. त्या दुपारी रिपरिप चालली होती. भिजलेला एक तरुण आत शिरला, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसला आणि थोड्याच वेळात घाबरून ओरडला,

“अक्का, माझं पान गेलं!”

नेत्रावती धावली. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती — हा पत्ता सापडत नाही.

दुबलगुंडीचा योगीराज तो. त्याचे वडील, अप्पा, मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. त्या वाटा, ते तळ, अप्पांची गाणी... सगळं त्यानं ब्लॉगवर लिहून ठेवलं होतं. अप्पा गेल्यावर तेवढंच उरलं होतं.

“मी कायबी पुसलं न्हाई वो, अक्का...”

“आधी ते अक्का पुसा,” ती म्हणाली.

तो हसला — ओल्या डोळ्यांनीच.

तिनं नेट कंपनीला फोन लावला, तेव्हा कळलं. थोडीच पानं बंद करायचा सरकारी हुकूम आला होता. कंपनीनं सरसकट सगळेच ब्लॉग अडवले होते.

“पान जागेवर हाय,” ती हळूच म्हणाली. “सापडत न्हाई म्हणून खोटंच सांगायलेत. दाखवू?”

गल्ल्यावर बसलेल्या मामांनी मात्र ऐकलं होतं. “असल्या भानगडीत पडू नकोस. पोलीस दुकानाला कुलूप लावतील!”

मामा जेवायला गेले, तेव्हा तिनं दुसऱ्याच एका साइटच्या आडवाटेनं पान उघडलं. एक ओळ... मग दुसरी... अप्पांची गाणी पडद्यावर उतरू लागली, तसा योगीराज गुणगुणू लागला. नेत्रावतीला वाटलं, आपण दुकानात नाहीच — दूर कुठल्या माळावर आहोत. ओलं गवत, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा...

मामा जेवायला गेले की तो रोज येऊ लागला. वाचायचा कमी, तिच्याकडे बघायचा जास्त.

एका दुपारी पान सरळच उघडलं. बंदी उठली होती.

“आता कुठंबी उघडंल की,” ती की-बोर्डकडे बघत म्हणाली. “इथं कामून यायचं?”

“पान तर पयल्याच दिवशी दिसलं...” तो अडखळला. “मी तुमच्यासाठी यायलोय.”

तिचे कान तापले. तेवढ्यात पायरीवर मामांच्या चपला वाजल्या. योगीराज गडबडीनं उठला.

“बस तू,” ती म्हणाली.

“मामा बघतील...”

“बघू दे की.”

तिनं खुर्ची ओढली, त्याच्या खुर्चीला चिकटवून ठेवली आणि शेजारी बसली. मामा दारात छत्री झटकत होते.

“मामा, हे योगीराज,” नेत्रावती म्हणाली. “तुमच्याशी बोलायचंय... आमा दोघांला.”