न उसवलेली गादी

उमरखेडच्या बस स्टँडमागच्या गल्लीत अय्यूब पिंजाऱ्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे पत्र्याचं छप्पर, मागे अंगण आणि अंगणापलीकडे दोन खोल्या. गावात पिंजायचं मशीन येऊन पाच वर्षं झाली होती, तरी अय्यूबनं धुनकी सोडली नव्हती. छताला टांगलेली ती मोठी लाकडी कमान, तिची ताणलेली तात आणि तातीवर आपटणारी मोगरी. सकाळी नऊच्या ठोक्याला तिचा आवाज सुरू झाला की शेजारचा चहावाला दुसरं आधण ठेवायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात अय्यूबला मान वर करायला फुरसत नव्हती. आदल्या हंगामात आधी अळीनं आणि मग अवेळी पावसानं कापसाची पार वाट लावली होती. हाती आला तो माल काळपट, डागी. एरवी लग्नात नव्या रुईची गादी देणारी घरंसुद्धा त्या वर्षी जुन्याच गाद्या पिंजून घेत होती, आणि त्या सगळ्या अय्यूबच्या अंगणात येऊन पडल्या होत्या.

गादी उसवली की अय्यूबला अख्खं घर दिसायचं. कोण दम्यानं बसूनच झोपतो, कोणाचा घाम तापाचा आहे, कुठले नवरा-बायको वर्षानुवर्षं एकमेकांकडे पाठ करून निजतात, हे त्याला कापसाच्या गाठींवरून कळायचं. यात जादू काही नव्हती. तो ताईत-गंडेवाला माणूस नव्हता, अंगात येणाऱ्यांना तर तोंडावर हसायचा. चाळीस वर्षं एकच काम केलं की हात शहाणे होतात, एवढंच त्याचं म्हणणं. आणि पाहिलेलं पोटात ठेवायचं, हाही धंद्याचाच भाग.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीला, शमाला, बोरी अरब गावचं स्थळ आलं. मुलगा रिजवान फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. बोलायला कमी, हाताला स्वच्छ. शमाला तो आवडला होता. ती तसं बोलली नाही, पण तो येऊन गेल्यावर तीन दिवस रजईच्या टाक्यांची ओळ वाकडी जात होती, आणि बापाला तेवढं पुरेसं होतं. होकार जाणार एवढ्यात अय्यूबची थोरली बहीण अफरोज दारव्ह्याहून आली आणि चप्पल काढायच्या आत बोलली.

"अय्यूब, त्या पोराच्या बापाले मिरगी होती. झटक्यातच गेला तो. कोणी सांगतलं का तुले?"

"पोराले नाही ना, आपा?"

"सत्तावीस वर्षं नाही. उद्या आली तं? पोराईले आली तं? रक्तातली गोष्ट हाय ते. डोळ्यानं पाहून पोरगी विहिरीत टाकून राह्यला का?"

अय्यूब पेचात पडला. तोंडावर विचारावं तर रिजवानच्या आईचा, नुजहतचा, अपमान. न विचारावं तर लेकीचा जन्म पणाला. मग त्यानं एक शक्कल काढली. पिंजाऱ्यालाच सुचेल अशी. बोरी अरबला निरोप धाडला, सोयरीक व्हायच्या आधी तुमच्या घरची एखादी जुनी गादी पाठवा, आमच्याकडून पिंजून देतो, प्रेमाची भेट समजा.

आठ दिवसांनी रिजवान स्वतः एस.टी.च्या टपावर गादी घालून आला. ओसरीवर उतरवून म्हणाला, "चाचा, अम्मीनं हेच गादी द्याले लावली. अब्बूची हाय. म्हने, त्याइले जे पाहाचं हाय ते पाहू दे."

अय्यूबचे कान तापले. म्हणजे नुजहतनं सगळं ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खोळ उसवली. जे असणार होतं तेच होतं. वरच्या अंगाला लाळेनं कडक झालेला कापूस. आणि पायथ्याशी, जिथे टाचा येतात तिथे, दोन खोल खळगे. झटक्यात माणूस टाचा घासतो. किती वर्षं घासल्या असतील, कोण जाणे. अय्यूबला त्या माणसाची दया आली. त्यानं कापूस नीट पिंजला, दोनदा पिंजला, खोळीत सारखा भरला, टाके घातले आणि गादी अंगणात खाटेवर उन्हाला टाकली.

दुपारची, जोहरची नमाज पढून आला तर पायथ्याशी दोन खळगे.

मांजर बसलं असेल. त्यानं तळव्यानं थोपटून सारखं केलं, जेवून आला. खळगे होते. भरण्यातच चूक झाली म्हणत त्यानं टाके काढले आणि सगळा कापूस पुन्हा धुनकीखाली घेतला. या वेळी ढगासारखा फुलेपर्यंत पिंजला. भरताना पायथ्याला दोन मुठी जास्त दाबल्या. संध्याकाळी, लख्ख उजेडात, ते दोन्ही खळगे जागच्या जागी होते. त्यानं बोट घालून पाहिलं. तळाशी कापूस घासून गुळगुळीत झाला होता.

चाळीस वर्षांत पिंजलेल्या कापसाला मागचं काही आठवल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं.

"शमा," त्यानं हाक मारली. आवाज जरा चढलाच. "हे सोयरीक होत नाही. पाहून घे तूच."

शमा आली. पदराला हात पुसत तिनं खळगे पाहिले, वाकून हात लावला. घाबरली असेल, पण दाखवलं नाही. मग ती सावकाश म्हणाली, "अब्बा, लोकाइच्या घरची गादी उसवता. आपल्या घरची कधी उसवली का?"

अय्यूबची नजर घराच्या दाराकडे गेली.

घरात, पेटीच्या मागे, चादरीत गुंडाळलेली एक गादी अकरा वर्षांपासून उभी होती. शमाच्या आईची, रौशनची. आपल्या घरची गादी आपण उसवू नये, असं अय्यूबचा बाप सांगायचा, आणि अय्यूबनं ते फार सोयीनं पाळलं होतं. रौशन टायफाइडनं गेली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. तापानं गेली हे खरं. पण त्याआधी दोन वर्षं ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. बोलणं नाही, जेवणं नाही, लेकीकडे पाहणं नाही. तिच्या आईचंही तसंच झालं होतं. हे त्यानं आपाला सांगितलं नव्हतं, मग बोरी अरबला कुठून सांगणार!

"मी रिजवानले सांगतलं," शमा म्हणाली. "अम्मीचं. नानीचं बी. पहिल्याच दिवशी."

"काय म्हने तो?"

"म्हने, तुले कधी तसं वाटलं तं भिंतीकडे तोंड करू नको, माह्याकडे कर."

अय्यूबला रडू आलं. मोठा माणूस, अंगणात उभा राहून, बायांसारखं काय रडतो असं स्वतःलाच बजावत तो रडला. मग आत गेला आणि पेटीमागची गादी बाहेर घेऊन आला.

त्यानं खोळ उसवली. कापसात एक बाईमाणूस कुशीवर पडलेलं होतं. खांदा, कंबर, पोटाशी घेतलेले गुडघे. तोंड भिंतीकडे. त्यानं तो कापूस पिंजला, भरला. अर्ध्या तासात रौशन पुन्हा तिथे तशीच पडलेली होती.

"आता दोन्हीचा कापूस एक करा," शमा म्हणाली. "एकाच गादीत भरा. आमची तेच गादी राहीन."

"वेडी झाली का तू?"

"वायली वायली ठेवून काय भेटलं, अब्बा?"

दुसरा दिवस शुक्रवार. अय्यूबनं दुकान उघडलं नाही. सकाळपासून फक्त ते दोन ढीग. आधी वेगळे, मग एकत्र. तात वाजत राहिली, कापूस उडत राहिला, भुवया पांढऱ्या झाल्या. दुपारपर्यंत कुठला कापूस कुणाचा, हे त्याच्या शहाण्या हातांनाही सांगता येईना. नव्या छापील खोळीत भरून त्यानं स्वतः टाके घातले, खाटेवर गादी टाकली आणि जुम्म्याच्या नमाजला गेला.

परत आला तेव्हा अंगणात ऊन होतं. शमा आत भात काढत होती. गादीवर कोणी बसलेलं नव्हतं.

गादीवर दोघं झोपून उठून गेले होते.

त्याला ते वाचता आलं, नेहमीसारखं. उजव्या बाजूला भारी अंगाचा पुरुष, लांब ताणून झोपणारा. अय्यूबनं आधी पायथा चाचपला. सपाट. पुन्हा चाचपला. सपाटच. डाव्या बाजूला कुशीवरची बाई. तिचं तोंड भिंतीकडे नव्हतं, मधे होतं, पुरुषाकडे. आणि खोली? खळग्यांची खोली तीस-पस्तीस वर्षांच्या झोपेची होती. दुपारी भरलेल्या गादीत.

त्या दोघांच्या मधे आणखी एक खळगा होता.

हातभर लांबीचा.

अय्यूब खाली बसला. त्या लहान खळग्याच्या पायथ्याशी दोन बारीक खळगे होते, बोटाच्या पेराएवढे. टाचा.

त्यानं श्वास रोखून पाहिलं. झटक्याच्या टाचा, की खेळणाऱ्या पोराच्या? चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कापूस वाचता येईना. तो कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला. कुठल्या घरची, कुठल्या रक्तातली, काही कळेना.

"काय पाहून राह्यले, अब्बा?"

शमा मागे उभी होती. तिनं पाहिलं. मग त्या लहान खळग्यात तळवा टेकवला आणि लगेच उचलला.

"ओलं हाय," ती म्हणाली.

दोघांनीही तो ओल्या दुपट्याचा वास ओळखला. अय्यूब हसला आणि हसता हसता त्याच्या अंगावर काटा आला.

"पाय तं सारेच पोरं झाडतात," तो म्हणाला. "आपाले सांग, बकरी ईदीनंतरची तारीख काढू म्हना. आन् नुजहतबाईले मी स्वतः जाऊन माफी मांगतो. रौशनचं सांगून येतो."

 बापाचा हात शमानं एकदा घट्ट धरला आणि चहा ठेवायला आत गेली.

अय्यूबला रिकामं बसवेना. लहान पोराला दुपटं लागणार. खोळ बेतायची तर माप पाहिजे. त्यानं दोऱ्याचं रीळ उचललं, लहान खळग्याच्या डोक्यापासून टाचांपर्यंत दोरा धरला आणि दातानं तोडून कानामागे अडकवला. मग बसून चहा प्यायला, बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत.

उठताना, धंद्याची सवय म्हणून, दोरा पुन्हा एकदा त्याच खळग्यावर धरून माप ताडून पाहिलं.

आता दोरा दोन बोटं कमी पडला.