न सुटलेलं पान

सकाळी मी ओट्याशी बोंबील साफ करत होते, तेव्हा रत्नदीपचा फोन आला. आमच्या ऑफिसातला माझा ज्युनियर. कोलशेतच्या हॉस्पिटलात आमचं एक यंत्र गोठलं होतं. पेशंटच्या उशाशी श्वासाची रेघ दाखवतं, ते. रेघ जागीच थांबली, अलार्म वाजला नाही. नर्सचं सहज लक्ष गेलं म्हणून पेशंट वाचला. पुढच्या वेळी लक्ष जाईलच असं नाही.

या यंत्रांचं कर्नेल, म्हणजे सगळ्याच्या तळाशी चालणारा प्रोग्राम, माझ्याकडे आहे. पेशंटची नोंद बंद झाली की तिच्यासाठी वापरलेली मेमरी कर्नेल परत घेतो. मेमरीच्या तुकड्याला आम्ही पान म्हणतो. ते कोणी धरून ठेवलं असेल, तर कर्नेल वाट पाहतो. इथे तो वाटच पाहत बसला होता.

रत्नदीपने यंत्र बॅटरीवर चालू ठेवूनच घोडबंदर रोडच्या ऑफिसात आणलं. बंद केलं की मेमरी पुसली जाते.

"एकच पान आहे मॅडम, जागा सोडत नाही," तो म्हणाला. "आमच्या वर्तकनगरच्या भाडेकरूसारखं."

दुपारी चूक सापडली. पेशंटच्या बोटावरची क्लिप, जिच्यातून रेघ येते ती, न काढताच नोंद बंद केली, तर ते पान धरलेलंच राहतं. असं सहसा कोणी करत नाही. नर्स आधी क्लिप काढतात.

मी यंत्र फिरवून मागचं लेबल वाचलं. अतिदक्षता विभाग, खिडकीजवळचा बेड.

त्याच बेडवर मागे मार्सेल गेला होता. माझा नवरा. नर्स क्लिप काढायला आली तेव्हा मी त्याचा हात सोडला नव्हता. बिचारीने क्लिप राहू दिली. नोंद तशीच बंद करून गेली.

रत्नदीपला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने ते पान पडद्यावर उघडलं. आत श्वासाची रेघ होती. वर, खाली, वर, खाली… मग थांबली. मार्सेलचा श्वास झोपेत असाच अडायचा. मी कोपराने ढोसायचे.

यंत्राला अजून स्पिरिटचा वास होता. खाली गाड्या खोळंबल्या होत्या, पण काचेतून आवाज आत येत नव्हता. रेघ हलेना. माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, "मार्सेल… कूस बदल."

रेघ वर आली.

रत्नदीप पडद्याकडे वाकला. मग कुजबुजला, "मॅडम… हे जुनं नाही. आत्ता लिहिलं जातंय. आणि क्लिप तर माझ्या खिशात आहे…"

दुरुस्ती एका ओळीची निघाली. आम्ही ती सगळ्या हॉस्पिटलांना पाठवली. त्यानंतर कुठलंही यंत्र गोठलं नाही. मात्र ती चढवायची तर यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. या यंत्राचं काय करायचं, असं रत्नदीपने विचारलं. मी बघते म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

यंत्र आता माझ्या घरी आहे, चार्जरला लावलेलं. अडलेली रेघ हल्ली लवकर हलत नाही. काल मी मुद्दाम काही बोलले नाही, नुसती बसून राहिले. रेघ हलली नाही. शेवटी उठताना टेबलावर पडलेल्या क्लिपला हात लागला. ती आतून कोमट होती.

वॉर्डात यंत्रं कमी पडतात म्हणून हॉस्पिटल ते परत मागतंय. मी ते अजून बंद केलेलं नाही.