नऊ व्होल्टचा करार

दहा फेब्रुवारी २००८ च्या रविवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, अक्षता कांबळेनं जुन्या बाजारातल्या एका ताडपत्रीवरून टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम उचलला आणि सरळ नाकाशी नेला.

पांढरा-तांबडा डबा. वर कॅसेट घालायची फट, फटीवरची झडप तुटलेली. कडेला वेटोळं केलेल्या वायरींचे दोन रिमोट. तिनं डोळे मिटून त्या फटीचा वास घेतला. जुनं, तापून गार झालेलं प्लॅस्टिक, धूळ... आणि चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली दुपार. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, विश्रांतवाडीच्या घरात फरशीवर पालथी पडून भावाच्या शेजारी खेळत होती. पुढे हा गेम कुणा नातेवाइकाकडे गेला आणि मग कुठे गेला ते कुणालाच आठवेना. नोकरी लागल्यापासून ती असे जुने गेम जमवत होती. सात झाले होते. नेमका हा मात्र मिळत नव्हता.

“अहो, एक मिनिट. तो मी घेतोय.”

तिनं डोळे उघडले. समोर एक उंच, चष्मेवाला तरुण उभा होता. त्यानं पुढे केलेल्या हातात एक काळा अडॅप्टर लोंबत होता.

“तुम्ही घेताय? हातात तर माझ्या आहे.”

“पण याच्याशिवाय तो चालणार नाही,” त्यानं अडॅप्टर हलवून दाखवला.

“आणि याच्याशिवाय तुम्ही त्या अडॅप्टरचं काय करणार? पाटी लावून भिंतीवर टांगणार?”

ताडपत्रीमागे बसलेल्या कचरूनं बिडी विझवली. “भांडा तुम्ही. दोन्हीचा भाव वेगवेगळा लागंल.”

पंधरा मिनिटं भांडण झालं. तेवढ्यात कळलं, की त्याचं नाव राजस परचुरे, तो नारायण पेठेत राहतो, अमेरिकेच्या वेळेवर चालणाऱ्या कंपनीत रात्रपाळी करतो आणि त्याच्या खोलीत अजून जुना डबा टीव्ही आहे. अक्षता येरवड्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. टीव्ही तिच्या घरीही जुनाच होता, पण तो बाबांच्या ताब्यात. शेवटी तिनंच तोडगा काढला.

“मशीन तुमच्याकडे, अडॅप्टर माझ्याकडे. दर रविवारी चार वाजता मी येईन. म्हणजे कुणीच एकट्यानं खेळणार नाही.”

तो पाहतच राहिला. “अनोळखी माणसाच्या घरी येणार?”

“आई असते ना घरी?”

“असते. तीच तर अडचण आहे.”

“मग येते. आणि दुसरा अडॅप्टर आणून हुशारी करायची नाही. या मशीनचा पॉइंट उलटा असतो. आत ऋण, बाहेर धन. भलता लावलात तर जळेल.”

“बापरे!” राजस गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “असं असतं?”

पहिल्या रविवारी दार उघडलं ते कुसुमताईंनी. राजसची आई. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वर्गातलाच.

“तू ती वायरवाली. आडनाव काय म्हणालीस?”

“कांबळे.”

एक क्षण गेला. फार मोठा नव्हता, पण अक्षताला असे क्षण मोजायची सवय होती. लहानपणापासून.

“साखर किती घालू चहात?” कुसुमताईंनी विचारलं.

खोलीत टीव्हीवर आधी नुसत्या मुंग्या आल्या. मग राजसनं गोल बटण फिरवत फिरवत चित्र पकडलं. त्यानं कॅसेट काढली, तोंडाशी धरून फुंकर मारली.

“फुंकरीनं ओल धरते, आतले पॉइंट गंजतात,” अक्षता म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग का मारता?”

“तुम्ही नाही मारत?”

ती अजूनही मारायची.

मग त्यानं पहिला रिमोट तिच्यापुढे धरला आणि अक्षता थबकली. या मशीनच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नसतं. खेळ सुरू करायचा पहिल्यानं, थांबवायचा पहिल्यानं. दुसऱ्यानं नुसतं मागून जायचं. घरी पहिला रिमोट कायम रोहनदादाचा. तिला चार वर्षांत तो एकदाही मिळाला नव्हता.

“काय झालं?”

“काही नाही. हा... तुमचा ना?”

“पाहुण्यांना पहिला,” राजस म्हणाला. “फक्त मी मेलो की खेळ थांबवत जा. दुःख करायला वेळ हवा.”

असे सोळा रविवार झाले. तिसऱ्या रविवारी ‘तुम्ही’ गेलं, ‘तू’ आलं. पाचव्याला कुसुमताईंनी न विचारता दीड चमचा साखर घातली. नवव्याला रणगाड्यांच्या खेळात राजसनं चुकून तिचाच रणगाडा उडवला.

“चुकून?” ती म्हणाली.

“तू माझ्यासमोर आलीस.”

“मी तुझ्यासमोर सोळा फुटांच्या खोलीत बसलेय. रोज गोळी घालणार?”

“रोज कुठे येतेस?” तो म्हणाला, आणि दोघंही उगाच टीव्हीकडे पाहू लागली. पडद्यावर काहीच चाललेलं नव्हतं.

दर रविवारी साडेसहाला ती अडॅप्टर काढायची. तो गरम असायचा. वायर चार बोटांवर गुंडाळून ती तो पर्समध्ये टाकायची आणि स्कूटीवर आळंदी रस्त्यानं घरी जाईपर्यंत ती ऊब कुशीला लागत राहायची.

मात्र सोळा रविवारांत राजस मनातलं एक अक्षर बोलला नव्हता. आणि इकडे घरी नागपूरहून एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, माणसं चांगली. आई म्हणाली, “येत्या रविवारपर्यंत हो की नाही सांग. लोकांना ताटकळत ठेवणं बरं नाही.” अक्षताला नाही म्हणायचं होतं. पण कशाच्या जोरावर? कुणाच्या तरी घरी एक गेम आहे आणि तो चालायला मी लागते, हे बाबांना सांगायचं?

चार जूनला, बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत तिनं सवयीनं जुन्या वस्तूंच्या जाहिरातींचं संकेतस्थळ उघडलं. पहिलीच जाहिरात होती: ‘टीव्ही गेम, पांढरा-तांबडा, उत्तम चालू स्थितीत. दोन रिमोट, अडॅप्टरसह. नारायण पेठ.’

खाली मोबाइल नंबर. तो तिला पाठ होता.

तिनं दोनदा वाचलं. अडॅप्टरसह. अडॅप्टर तिच्या पर्समध्ये होता. तिनं उघडूनही पाहिलं... होता. म्हणजे त्यानं दुसरा आणला. म्हणजे तो एकटा खेळतो. म्हणजे दोघांचा गेम तो तिला न सांगता विकतोय.

कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, तेव्हा ‘तातडीचं’ एवढंच लिहिलं.

कुसुमताईंनी दार उघडलं. त्यांनी अक्षताकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“आज बुधवार आहे.”

“माहीत आहे काकू. राजस आहे?”

“आहे. रात्रपाळीची माणसं दुपारी झोपतात म्हणे. आमचे चिरंजीव खोकं बांधत बसलेत.”

खोलीत राजस बनियनवर, केस विस्कटलेले, हातात चिकटपट्टी. समोर पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात पांढरा-तांबडा गेम, आणि त्यावर गुंडाळलेला अडॅप्टर. अक्षताला पाहून तो इतका दचकला, की चिकटपट्टी त्याच्याच मनगटाला चिकटली.

“तू... आज?”

“कितीला ठरला?”

“काय?”

“आपला गेम, राजस. आपला!” तिनं खोक्याकडे बोट केलं. “अर्धा माझा होता. सांगितलं असतंस तर अडॅप्टर मीच आणून दिला असता.”

तिनं खोक्यात हात घालून गेम बाहेर काढला आणि थांबली. फटीवर झडप होती. शाबूत. स्प्रिंगसुद्धा कुरकुरत नव्हती. तिनं तो उलटा केला. खाली पिवळं पडलेलं स्टिकर आणि त्यावर किरटं अक्षर: राजस परचुरे, सहावी ब.

तिनं मान वर केली. टीव्हीजवळ, नेहमीच्या जागी, तुटक्या झडपेचा गेम तसाच होता.

“हा... कुठला?”

“माझा. लहानपणीचा.”

“कधी सापडला?”

“हरवलाच नव्हता.” तो चिकटपट्टी सोडवू लागला. ती सुटेना. “कपाटात होता. चालू. पहिल्या दिवसापासून.”

अक्षता पलंगाच्या कडेवर बसली.

“तुझ्याकडे चालू गेम होता. अडॅप्टर होता. मग जुन्या बाजारात माझ्याशी पंधरा मिनिटं कशाला भांडलास?”

“तू वास घेतलास.”

“काय?”

“तू त्या फटीचा वास घेतलास. मला वाटायचं, अख्ख्या जगात हा वेडेपणा मी एकटाच करतो. तू तशीच पैसे देऊन निघून गेली असतीस. तुला थांबवायला हातात काहीतरी हवं होतं... जवळ अडॅप्टर पडला होता. तो उचलला.”

अक्षतानं हातातला गेम मांडीवर घेतला.

“मग आता विकतोयस का?”

“रविवारी तुला विचारायचं होतं. आणि विचारायच्या आधी ते खोटं संपवायचं होतं. हा विकला की माझ्याकडे खरंच अर्धाच गेम उरणार होता. म्हणजे, तू नसलीस तर तो चालणार नाही... हे खरं झालं असतं.”

अक्षतानं पर्स उघडली. अडॅप्टर काढून त्याच्या पुढ्यात ठेवला.

“मलाही एक सांगायचंय. बाजारातला अडॅप्टर मेलेला होता. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी कळलं. हा मी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नवा आणला. जुन्याचं लेबल काढून याला चिकटवलं. तुला सांगितलं असतं तर तूच एक आणला असतास, मग रविवार संपले असते.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“जुन्याचा कोपरा तुटलेला होता. बाजारात माझ्याच हातात होता ना तो. हा वेगळा आहे, हे पहिल्या रविवारीच दिसलं.”

तिचं तोंड उघडं राहिलं. “सोळा आठवडे? आणि बोलला नाहीस?”

“तू तरी कुठे बोललीस?”

“दोघंही कंपन्यांतून मोठाले पगार घेता,” दारातून आवाज आला. चहाचा ट्रे घेऊन कुसुमताई उभ्या होत्या. “आणि नऊ व्होल्टचा अडॅप्टर घरापासून दहा मिनिटांवर मिळतो हे दोघांनाही माहीत नाही, असं मी समजायचं होतं का?”

“आई, तुला—”

“शाळेत एकतीस वर्षं काढली मी. मागच्या बाकावर काय चाललंय ते फळ्याकडे तोंड असताना कळायचं.” त्यांनी कप ठेवला. मग अक्षताकडे पाहत, जरा हळू म्हणाल्या, “पहिल्या दिवशी तुझ्या आडनावाशी मी अडखळले होते. तुला ते दिसलं. तुला दिसलं, हे मलाही दिसलं. तेव्हापासून मनाला लागून आहे. आज म्हटलं, सांगून टाकावं. बुधवार आहे तरी.”

अक्षतानं कप उचलला. कुसुमताईंना उत्तर नकोच होतं. त्या आत निघून गेल्या.

“मला रविवारी घरी उत्तर द्यायचंय,” अक्षता म्हणाली.

“कशाचं?”

“नागपूरच्या मुलाचं.”

राजसच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला तिनं पहिल्यांदाच पाहिला. सोळा रविवारांत तो शेकडो वेळा मेला होता, पण असा नाही.

“आणि... काय देणार?”

“ते तू विचारल्यावर ठरेल. रविवारी विचारणार होतास ना? आज विचार.”

त्यानं मनगटावरची चिकटपट्टी एकदाची ओढून काढली. कळवळला. आणि त्याच कळवळलेल्या आवाजात म्हणाला, “अक्षता, माझ्याशी लग्न करशील?”

ती हसली. आधी हसली, मग डोळे भरून आले. दोन्हींचा क्रम नंतर दोघांना वेगवेगळा आठवणार होता.

“करीन. पण हा विकायचा नाही. सहावी ब मधला मुलगा मला हवाय घरात.”

“मग दोन होतील. दोन चालू मशीन, दोन अडॅप्टर. तुला यायचं कारणच उरणार नाही.”

“कारण नसताना येईन.”

थोड्या वेळानं ती उठली. “आज बाबांना सांगते. रविवारी तू आमच्याकडे ये, विश्रांतवाडीला. मशीन घेऊन. बाबांनी टीव्ही सोडला तर खेळू. आणि ऐक, आमच्याकडे दारात जय भीम म्हणतात.”

“म्हणेन.”

“अडखळशील?”

“घशाला कोरड पडलेली असेल. पण ती तुझ्या बाबांमुळे.”

निघण्यापूर्वी तिनं जमिनीवरचा आपला अडॅप्टर उचलला, टीव्हीमागच्या नेहमीच्या सॉकेटमध्ये लावला, बटण दाबून एकदा तपासला. चालत होता. मग तसाच ठेवून ती जिना उतरू लागली. पर्स हलकी लागत होती.

खालच्या पायरीवर पोचते न पोचते तोच वरून हाक आली.

“अगं अक्षता, वायर विसरलीस!”

“नाही काकू,” ती वर पाहत म्हणाली. “राहू दे तिथंच.”

वरती क्षणभर शांतता. अक्षतानं सवयीनं तो क्षण मोजला.

“मग बटण तरी बंद करून जायचं! बिल आमच्या नावावर येतं.” कठड्यावरून कुसुमताई थोड्या वाकल्या. “आणि आईला विचारून ठेव, रविवारी चारला आलेलं चालेल ना. मुलीच्या घरी पहिल्यांदा एकट्यानं जात नाहीत. मीही येतेय.”