वाडी बोलतेय

नोंदी एकूण चौसष्ट होत्या. नंदाने तीनदा मोजल्या. फार्महाऊस तेवीस, हॉटेलं आणि खानावळी चौदा, जीप-टेंपोवाले अकरा, दुकानं नऊ, सरकारी कचेऱ्यांचे नंबर सहा. झाले त्रेसष्ट. चौसष्टावी नोंद म्हणजे नुसता एक फोटो. डोक्यावर लाकडांचा भारा घेतलेली एक बाई आणि खाली ओळ – ‘निसर्गाच्या कुशीतलं साधंसुधं जीवन’. बाईचं नाव नाही, वाडीचं नाव नाही, फोन नाही.

ती बाई नंदाची ठकी आत्या होती.

खालापूरच्या तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून नंदा ते बारा कागद पुन्हा चाळत होती. जवळच्याच एका प्रयोगशाळेत ती पाण्याचे नमुने तपासायची. राग आला की मोजायला लागायचं, ही तिची जुनी सवय. आज तिने दुकानातले पंखेसुद्धा मोजले होते. दोन. चालू एक.

“सातव्या पानावर बसची वेळ चुकलीय,” मागून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. हेल्मेट काखेत, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, आणि डोळे सरळ तिच्या कागदांवर.

“तुम्ही माझे कागद वाचताय?”

“कागद तुमचे... पण लिहिलंय मी.” तो ओशाळून हसला. “गावपान. वेबसाइट मीच सांभाळतो. पहिल्यांदाच कुणी छापून घेताना दिसलं, म्हणून...”

गावपान कर्जत-खालापूरच्या अकरा गावांनी मिळून काढलं होतं. एसटी किती वाजता, आरोग्य केंद्रात डॉक्टर कोणत्या वारी, घरगुती जेवण कुणाकडे, कोंडाण्याच्या लेण्यांकडे कोण नेतं... सगळं एका जागी. ‘आपलं पान, आपल्या सगळ्यांचं’ असं वर ठळक लिहिलेलं.

“सगळ्यांचं?” नंदाने त्या ओळीवर बोट आपटलं. “तीन ऑक्टोबरला माझ्या चुलतभावाने, रूपेशने, माथेरानहून नऊ नोंदी भरल्या. तो तिथे हॉटेलात कामाला आहे, तिथे रेंज असते. पाच वाटाडे, तीन जेवणवाल्या, एक टोपल्या विणणारा. नऊच्या नऊ गेल्या कुठे?”

त्याने खिशातून फोन काढला, थोडा वेळ बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“बाद झाल्यात,” तो हळूच म्हणाला. “नऊही नोंदींना एकच फोन नंबर होता. एक नंबर, एक नोंद असा नियम आहे. खोट्या नोंदी यायला लागल्या, म्हणून मीच टाकला.”

“म्हणजे माझी आत्या खोटी?”

“तसं नाय... नाही हो. पण एका नंबरावर नऊ माणसं कशी असतील?”

“फोटो काढताना खरी होती वाटतं! भारा डोक्यावर घेऊन अर्धा तास चाललेली बाई. तिला थांबवून फोटो काढलात, नाव विचारायला तोंड उघडलं नाही!”

झेरॉक्सवाल्याने मशीन थांबवलं. त्याला हे चुकवायचं नव्हतं.

“फोटो मी काढलेला नाही,” हेल्मेटवाला म्हणाला. “पण लावला मी. चुकलं.” मग त्याने विचारलं, “एक नंबर कसा चालतो, ते बघायला मिळेल?”

चुकलं म्हणणारा माणूस तिला अपेक्षित नव्हता.

“रविवारी या. कोंडाण्याच्या वर, आमच्या वाडीवर. नाव काय तुमचं?”

“मालोजी.”

तिने हेल्मेटकडे पाहिलं. “या नावाच्या माणसाने घोड्यावरून यायला हवं.”

“आजोबांचं नाव आहे. घरी माल्या म्हणतात. आणि गाडीचा हप्ता... ते जाऊ द्या. तुमचा नंबर मिळाला असता तर...”

“वाडीचा आहे ना तुमच्याकडे,” ती म्हणाली. “बाद यादीत. नऊ वेळा.”

* * *

रविवारी तो आला तेव्हा घामाने निथळत होता. परतीचा पाऊस आदल्या दिवशी पडून गेलेला, वाट निसरडी, दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत वाळायला लागलेलं. त्याच्या फोनवर रेंजची एकही रेघ नव्हती.

“आता इकडे या,” नंदा त्याला टेकाडाच्या कडेला घेऊन गेली.

तिथे एक करंजाचं झाड होतं. फांदीला झाकणाची बरणी टांगलेली आणि बरणीत एक फोन. अख्ख्या वाडीत तेवढ्याच जागी रेंज यायची. झाडाखाली पोशा काका टोपली विणत बसले होते. गुडघ्याने दगा दिल्यापासून हे काम त्यांच्याकडे होतं. ते घरी गेले की दुसरं कुणी बसायचं, पण झाड रिकामं राहत नसे.

फोन वाजला. काकांनी बरणी उघडली.

“हां. वाडी बोलतेय. कोन पायजे? ठकी? थांबा, धरून ऱ्हावा.”

त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि उताराकडे लांब हाळी दिली. पहिल्या घरातून ती कुणीतरी उचलली, तिथून पुढच्या घराने, तिथून नाल्यापलीकडे. नंदाचा डोळा मनगटावरच्या घड्याळावर होता. ठकी आत्या हाताला माती तशीच घेऊन आली आणि तिने फोन कानाला लावला.

“चार मिनिटं वीस सेकंद,” नंदा म्हणाली. “तुमच्या समितीच्या अध्यक्षांच्या, जगदीशशेठच्या फार्महाऊसला फोन लावून पाहिला मी. अकरा वेळा. एकदाही उचलला नाही. त्यांची नोंद खरी!”

मालोजी झाडाकडे बघत राहिला, मग बरणीकडे, मग उतारावरच्या घरांकडे. त्याच्या तोंडून शेवटी एवढंच निघालं, “मी नंबर माणसाचा धरला. हा वाडीचा हाय.”

बोलणं संपवून ठकी आत्या त्याच्यापुढे उभी राहिली. “तूच का रं तो फोटोवाला?”

“लावला मी, आत्या. काढून टाकू?”

“काढतोस कशाला? येवढा चांगला आलाय. नाव लाव माझं. ठकी, लेण्यांची वाट दावनारी, आसं लिव्ह. तीस वरसं दावतेय. दिवाळी झाली की मुंबईची मानसं येतात, संगती त्यांचाच वाटाड्या. आमच्या दारावरून जातात नि रिकाम्या बाटल्या टाकून जातात. आमाला इचारतच नाय कुनी. आनि ते साधंसुधं काय लिव्हलंय रं? भारा उचलून बघ, म्हंजी कळंल.”

त्याने खरंच भारा उचलून पाहिला. दुसऱ्या पावलाला तो डुगडुगला तशी सगळी वाडी हसली. नंदा हसली नाही... म्हणजे तिने तोंड फिरवलं.

कोरा चहा पिऊन तो निघाला. वाटेच्या पहिल्या वळणापर्यंत ती सोडायला गेली. त्याच्या पायमोज्यांत आणि पँटीत कुसळं रुतली होती. तो दगडावर बसून एकेक उपटायला लागला.

“उलटी ओढू नका, आत शिरतात.” ती समोर बसली. “टोकाच्या दिशेनं काढायची. बी आहे ते. जमिनीत घुसायला वळतं, ओल लागली की.”

“सत्तावीस,” तो म्हणाला.

“काय?”

“तुम्ही काढलेली. मीपण मोजायला लागलो.”

तिची बोटं थांबली. त्याच्या पायमोज्यावर अजून चार कुसळं होती. तिने ती सावकाश काढली.

“शुक्रवारी गावपानच्या समितीची सभा आहे,” उठताना ती म्हणाली. “तिथे काय मोजता ते बघते.”

* * *

सभेला अकरा गावांचे अकरा जण होते. अध्यक्षस्थानी जगदीशशेठ. मालोजीने नियम बदलायचा ठराव वाचला, तसे ते खुर्चीत रेलले.

“नियम तूच केलास ना रं माल्या?”

“हो.”

“मग? एका फोनवर नऊ नोंदी घ्यायच्या तर उद्या कुणीही येईल. पाहुण्यांना चांगल्या सोयी दिसल्या पाहिजेत. वाडीचा फोटो आहे की! किती छान दिसतो पानावर.”

मालोजीने मान खाली घातली. एक क्षण गेला, दोन, तीन... मागच्या बाकावर नंदा ते क्षण मोजत होती. म्हणजे करंजाखालचं ते सगळं एवढंच होतं? भारा उचलून हसवायचं आणि इथे शेठसमोर मान घालायची? सातव्या आकड्याला ती ताडकन उठली.

“फोटो छान दिसतो, शेठ! माणूस नको, फोटो चालतो! पानाला सजावट म्हणून आमची आत्या हवी, आणि तिला कुणी फोन केलेला चालणार नाही?”

“ए ताई, खाली बस. तू समितीत नाहीस.”

“त्या बसणार नाहीत,” मालोजी म्हणाला.

त्याची मान वर आली होती आणि हातात लॅपटॉप होता. एवढा वेळ तो काहीतरी शोधत होता. त्याने तो सगळ्यांकडे वळवला.

“ही तीन फार्महाऊस बघा. नावं तीन, नंबर तीन. नियमात बसतात. आता फोटो बघा. तिन्हीत फाटक एकच, फाटकाजवळचा नारळही एकच.” घाबरला की तो घरच्या बोलीत बोलायचा. “शेठ, हे तुमचं फाटक हाय. माझ्या नियमानं एक माणूस तीनदा आत आला नि नऊ मानसं भाईर ऱ्हायली. नियम माझा हाय आनि तो चुकीचा हाय. ज्या गावातली नोंद, त्या गावानंच ती बघून खरी करायची, मग फोन कुनाचाबी असूं द्या. नायतर पानावरची ‘सगळ्यांचं’ ही ओळ आत्ता इथंच पुसतो. आनि पान तुमीच सांभाळा.”

कुणीतरी खोकलं. मग एकेक हात वर गेला. सात. जगदीशशेठ चहा मागवायला उठून बाहेर गेले.

बाहेर पायरीवर नंदा उभी होती.

“सात सेकंद गप्प होतात,” ती म्हणाली. राग अजून पुरता उतरला नव्हता.

“नारळ शोधत होतो.”

“सांगता येत नव्हतं?”

“तुम्ही उठाल असं वाटलं नव्हतं... नाही, खोटं. वाटलं होतं.” त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. “आता तरी नंबर?”

“पानावर येईल रविवारी,” ती म्हणाली आणि बस पकडायला गेली. वळताना मात्र तिने मागे पाहिलं. दोनदा.

* * *

रविवारी नऊ नोंदी पानावर आल्या. फोटोखाली ठकी आत्याचं नाव होतं. पोशा काकांकडे आलेले फोन लिहायला नंदाने आखून दिलेली वही होती. सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेले काका जीभ बाहेर काढून एकेक अक्षर कोरत होते.

संध्याकाळी नंदा नाल्यावर भांडी घासत होती. तेवढ्यात हाळी आली. आधी लांबून, मग जवळच्या घरातून, मग शेजारच्या बाईच्या तोंडून, हसत हसत –

“नंदेऽऽ! फोन! खालापूरचा! त्यो भारावाला!”

करंजाखाली पोचली तेव्हा तिथे वाडीतली अर्धी माणसं आधीच जमली होती. तिने धापा टाकत फोन घेतला.

“वाडी बोलतेय.”

“लेणी बघायची होती,” पलीकडून मालोजी म्हणाला.

“ठकी आत्या नेईल.”

“मला दुसरी वाटाडी पायजे. जी कुसळं काढते.”

“तिची नोंद नाही पानावर.”

“माहीत हाय. पान मीच सांभाळतो...” आवाज अडखळला. “नंदा, तुम्ही मला आवडता. त्या झेरॉक्सच्या दुकानापासून. ऐकू येतंय का?”

तिने आजूबाजूला पाहिलं. ठकी आत्याने मातीचे हात पदराला पुसले आणि ती खुशाल मांडी घालून बसली.

“येतंय,” नंदा म्हणाली. “सगळ्या वाडीला येतंय.”

“मग... वाडी काय म्हणते?”

“वाडीचं नंतर,” ती सगळ्यांकडे पाठ करून, आवाज खाली आणून म्हणाली. “मी हो म्हणतेय.”

फोन परत बरणीत गेल्यावर पोशा काकांनी वही उघडली आणि लिहिलं :

पहिल्या दिवसाचे फोन : सतरा. लेण्यांसाठी नऊ, जेवणासाठी पाच, टोपल्यांसाठी दोन, नंदासाठी एक. हाळीपासून फोन हातात यायला नंदाला लागलेला वेळ : एक मिनिट पन्नास सेकंद. बोलणं : सेहेचाळीस मिनिटं.