मंगळवारचा रोल

वाशीमच्या कलर लॅबमध्ये काउंटरवर बसणाऱ्या सुकेशनीनं मेडशीच्या फोटोग्राफरला चुकून भलत्याच लग्नाच्या फोटोंचं पाकीट दिलं, आणि तो फोटोग्राफर, वीरेंद्र, दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीनं आला.

"मॅडम, नवरी बदलली," तो पाकीट पुढं करत म्हणाला. "नवरदेवाले सांगू काय, हीच चालवून घे म्हून?"

सुकेशनीला हसू आवरेना. किती दिवसांनी आपण हसलो, तेही तिला आठवेना.

मग तो दर मंगळवारी रोल घेऊन येऊ लागला. प्रिंट निघायला तास-दीड तास लागायचा. तोवर तो स्टुलावर, ती निगेटिव्ह कापत... घरी एकटी आई, तीही मोजकंच बोलणारी. त्या तासाभरावर सुकेशनीचा आठवडा निघायचा.

"छत्तीस फोटोत एक तरी हललेला असतेच तुमचा!"

"मंग? सगळेच चांगले आले, तं तुमी बोलसान काय माह्याशी?"

एका मंगळवारी तो डिजिटल कॅमेरा घेऊन आला. तिचाच फोटो काढून तिला दाखवला. "पाहा, धुवायचं कामच नाही!"

"छान हाय," ती म्हणाली. धुवायचं काम नाही... म्हणजे?

म्हणजे तेच. त्यानं मेडशीतच प्रिंटर घेतला. पुढचा मंगळवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. हळूहळू बाकीच्यांचे रोलही थांबले. दुपारभर ती रस्त्याकडं बघत बसे. त्याचा नंबर होता. पण फोन करून म्हणायचं काय? दिवाळीनंतर मालकानं सांगितलं, महिनाअखेर लॅब बंद.

त्या रविवारी ती आईला म्हणाली, "मेडशीले जाऊन येतो."

"कायले?"

"एका माणसाले भेटाचं हाय."

वीरेंद्र आपल्या स्टुडिओच्या पायरीवर एकटाच बसला होता. तिला पाहून गडबडून उठला. "तुमी... फोटो काढायचा व्हता?"

"नाही. तुमी काहून येत नाही?"

"रोलच नाही... काय घेऊन येऊ?"

"रिकाम्या हातानं येता येत नाही?"

"तीनदा आलो. वाशीमच्या स्टँडवरून परतलो. तुमी विचारलं असतं, कायले आले, तं काय सांगतलं असतं मी?"

"मी विचारलंच नसतं..."

मग तीच म्हणाली, "लॅब बंद होऊन राह्यली. आता तिथं मी दिसणार नाही. घराचा पत्ता द्याले आली."

वीरेंद्रनं तिच्याकडं पाहिलं. आत जाऊन दिवा मालवला, शटर ओढलं, कुलूप लावलं.

"पत्ता सांगू नका. दाखवा. तुमच्या आईशी बोलाचं हाय मले."

अकोल्याहून वाशीमला जाणाऱ्या गाडीत दोघांना एकाच बाकावर जागा मिळाली. वाटेतलं मालेगाव मागं पडलं.

"आई रागीट हाय काय?" त्यानं शेवटी हळूच विचारलं.

"लय," सुकेशनी म्हणाली, आणि सरकून त्याच्या जवळ बसली.